अण्णांच्या पुस्तकातली पेन्सिल

अण्णा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून पटापट लिहिते. मी आता ठाण्यात विद्यापीठाच्या एका केंद्रात झाडूपोछाला आहे. तिथे शिकलेली माणसं दिवसभर संविधानाचाच अभ्यास करतात. तुम्ही असता तर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून सुटल्यावर मला न्यायच्या निमित्ताने रोज येऊन बसला असता आणि त्यांच्या डोक्याला ताप दिला असता. माझ्याही. रॅकभर तीच पुस्तकं, जाडी, पातळ, आणि धूळ सगळ्यांवर सारखी.

मागच्या महिन्यात तिथल्या मोठ्या मॅडम चहा घेताना सांगत होत्या, की साध्या कामगारांनी वाचलेल्या, कडेला काही लिहिलेल्या संविधानाच्या प्रती त्यांना हव्यात. मला तोंड आवरत नाही, तुम्हाला माहीत आहे. बोलून गेले, माझ्या वडलांची आहे, पान न् पान लिहिलंय. त्या उठल्याच. उद्याच आण म्हणाल्या. घरी येऊन पाय धुताना आठवलं, त्यात आता काही नाही. तुम्ही गेलात तेव्हा पुण्यानुमोदनाला ते पुस्तक फोटोपुढे ठेवायचं होतं. एवढं मोठं पुस्तक आणि पेन्सिलीने चिताडलेलं, लोक काय म्हणतील, म्हणून कळव्याच्या खोलीत उंबऱ्यात बसून मी अख्खी दुपार खोडरबर घासला. आत्याने शाबासकी पण दिली. लहानपणी मी त्यावर जास्वंद ठेवलेलं तर तुम्ही फूल उचलून म्हणालात, "अगं, त्याला फूल नको वाहू, उघडून वाच." बघा, उघडलं ते पुसायला.

पुस्तक नेलं आणि सांगून टाकलं. मॅडमच्या रागाचं अगदी ओठांवर आलेलं, पण ओरडल्या नाहीत. समोर खुर्चीत बसवलं, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, काय काय लिहिलेलं, आठवतंय का. आठवतंय म्हणजे काय. रविवारी चाळीच्या ओट्यावर तुम्ही चार माणसं गोळा करून मोठ्याने वाचायचात, मी कंटाळून शेंगा सोलायचे, पण कान उघडेच होते. मी पान उलटते आणि तुमचा आवाज येतो. कलम सतरा, शिवाशीव बंद, त्यापाशी कँटीनमध्ये तुमच्यासाठी वेगळा ठेवलेला कप. बेचाळीसपाशी पॅकिंगमधली बाई, जिला बाळंतपणाची रजा देत नव्हते. तिच्यासाठी तुम्ही हेच पुस्तक घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये घुसलेलात आणि रजा घेऊनच बाहेर आलात. मॅडम लिहीत होत्या, मध्येच हसत होत्या. म्हणाल्या, तुमचे वडील भारी होते. मी म्हटलं, घरात राहून बघायचं होतं.

मग पंचेचाळीस आलं. पोरांना शाळा मिळालीच पाहिजे, ते. मॅडमने विचारलं, "इथे काय होतं?"

तिथे तुम्ही काहीच लिहिलेलं नव्हतं, अण्णा. ते पान मी घासलंच नव्हतं, कोरंच होतं. मला चौथीनंतर काढलंत, आई कामाला जायची, धाकटीला कोण बघणार म्हणून. त्यावर तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मी म्हणाले, "पोरीला शाळेतून काढली, माझं चुकलं."

मॅडमने तेही तुमच्या नावावर लिहून घेतलं. मी थांबवलं नाही. बाकीचं सगळं तुमचं आहे, तेवढं एक माझं.