रुळांपलीकडची मतं

३ नोव्हेंबर १९५८
नगराध्यक्षपदासाठी ह्यांचा अर्ज मंजूर झाला. सकाळीच हे केळझरच्या गणपतीला जाऊन आले. मला म्हणाले, रुळांपलीकडची वस्ती तू सांभाळ, तिथल्या बायका वकिलापेक्षा शाळेच्या बाईंचं ऐकतील.

९ नोव्हेंबर
शाळा सुटली की वस्ती. तीन वर्षांत केवढी वाढली! सगळी गिरणीच्या कामाला आलेली माणसं, आणि नळ एकही नाही. समुद्रपूरकडची रुखमा – गिट्टी फोडते – मला दारोदार नेते. ह्यांच्या सांगण्यावरून सगळ्यांना सांगितलं, हे निवडून आले की नळ येईल, झोपड्यांना कुणी हात लावणार नाही. माझा शब्द, असंही मी म्हणाले.

१४ नोव्हेंबर
अंगाची आग होते आहे. बैठकीत चहा घेऊन गेले तर टेबलावर नकाशा. वस्तीच्या जागी गोदामं! ज्यांच्या मोटारी ह्यांच्या प्रचाराला फिरताहेत, त्या व्यापाऱ्यांना जागा कबूल करून बसलेत. व्यापारी गेल्यावर ह्यांना विचारलं. म्हणाले, "माझ्याविरुद्ध उभा असलेला चंद्रभान निवडून आला तरी हेच करणार. गाव वाढतंय, शरयू. कुणाला तरी सरकावंच लागतं."
मग माझ्या तोंडून वचन कशाला वदवलंत? – तर वर्तमानपत्र उघडलं!

१५ नोव्हेंबर
आज स्वयंपाक केला नाही.

१६ नोव्हेंबर
वस्तीत सगळं सांगून टाकायला निघाले होते. रेल्वेफाटकापासून परत आले. ह्यांची भीती नव्हती. नवऱ्याला हरवलं म्हणून लोक नावं ठेवतील, ही भीती. लिहायलाही लाज वाटते.

१८ नोव्हेंबर
आले निवडून. एकशे बारा मतांनी. एकट्या वस्तीची तीनशेवर! मिरवणुकीत मला पुढे उभं केलं. घरी येऊन तोंडावरचा गुलाल कातडी सोलून निघेपर्यंत घासला.

१९ नोव्हेंबर
रुखमाकडे गेले. नकाशाचं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. तिचा हातोडा थांबलाही नाही.
"आमाले मालूम होतं, बाई. दोघंबी हटवनारच होते. पन वकीलसायबाच्या घरात तुमी हाय. म्हनून त्याले मत देल्लं."
ह्यांच्यावर नाही एवढा राग आता स्वतःवर.

२ डिसेंबर
मोजणीदार आलेत, पोलीस घेऊन. हेही आहेत. दोनदा हाक मारली मला. रुखमाच्या झोपडीच्या दारात बसून लिहिते आहे. उठणार नाही. शेजारी बायका येऊन बसताहेत.