नावाआधीचं अक्षर

दि. ९ नोव्हेंबर
रविवार, दुपार

ती. दादास,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. माझे गुडघे सोडले तर घरात कुणी कुरकुरत नाही. तूही बरा असशील.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. मुंगीचं लग्न ठरल्याचं तुला कुणी सांगितलं ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. 'लग्नाला येऊ का? हॉलमध्ये नाही येणार. रस्त्यापलीकडे उभा राहीन, कुणाला ओळख देणार नाही,' असं तू लिहिलंस. तुझं हे आठवं पत्र आणि माझं हे पहिलं उत्तर. त्यामुळे जरा इकडचं तिकडचं लिहिल्याशिवाय हात पुढे सरकायचा नाही. सांभाळून घे.

पत्रिका घरीच करायच्या हे खूळ मुंगीचं. तू तिला मुंगी म्हणायला लागलास, कारण ती सारखं काहीतरी उचलून घेऊन जायची. सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी ती खोड गेलेली नाही. तिने जाहीर केलं की कागदसुद्धा आपणच करायचा, आणि तोही तिच्या शाळेतल्या जुन्या वह्यांचा. वह्या फाडायच्या, तुकडे बादलीत भिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, तो लगदा जाळीच्या चौकटीवर गाळायचा आणि ओला ताव चादरीवर पालथा घालून वाळवायचा. माझा मिक्सर कायमचा कामातून गेला. शेजारच्या शिंपीणबाईंनी चौकटींना जाळी शिवून दिली आणि वर 'छापून आणल्या असत्या तर तुमचं काय बिघडलं असतं?' म्हणून रोज ऐकवलं. मुंगीच्या ऑफिसातली मैत्रीण आहे, तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो, ती कडेने वेल काढते. तुझे मेहुणे पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाले तरी पेन्सिल कानावरून उतरलेली नाही, तेव्हा पत्रिका तपासायचं काम त्यांचं. अक्षर माझं बरं, म्हणून मजकूर मी लिहायचा. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोऱ्यांवर कागद, खुर्च्यांवर कागद, अंथरुणावर कागद. फार हसलो आम्ही त्या दिवसांत.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. दादा, मुंगीच्या लेखी तू हयात नव्हतास.

वहिनी गेल्यावर तू पाच वर्षांच्या पोरीला माझ्याकडे सोडलंस आणि 'चार दिवसांत येतो' म्हणालास. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची. जेवायला उचलून आणावं लागायचं. मग तिची शाळा बदलली. फॉर्म भरताना वडिलांचं नाव लिहायची वेळ आली आणि मी त्याच्याआधी 'कै.' लिहिलं. तुझा राग आला होता. शाळेच्या चौकशा नकोत, असंही वाटलं. पण पोरगी नुकती वाचायला शिकली होती आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. 'आतू, कै म्हणजे काय गं?'

चुकून लिहिलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही. ती आठ दिवस रडली. नंतर पायरीवर बसायची थांबली, जेवायला लागली, आणि मी स्वतःला सांगितलं की झालं ते बरंच झालं.

तीन वर्षांनी तुझं पहिलं पत्र आलं. तिला कोणत्या तोंडाने सांगू? आधी वाटलं, जरा मोठी होऊ दे. मोठी झाली तेव्हा परीक्षा होत्या. पुढे कारणंही संपली. खरं सांगते, मला भीती वाटली. तू आला असतास तर ती तुझी झाली असती आणि मी नुसती सांभाळणारी बाई उरले असते. मला मूल नाही दादा. तुझ्याकडे ती होती आणि तू तिला सोडून गेलास, हे मी तुला कधी माफ केलं नाही, आणि तुझ्यावाचून माझ्याकडे तीही आली नसती, हेही मला ठाऊक आहे.

तुझी सातही पत्रं मी तिच्या चौथीतल्या भूगोलाच्या वहीच्या कव्हरात घालून ठेवली होती. त्या वहीला कोण हात लावणार? वह्या शनिवारी फाडायच्या ठरल्या होत्या. त्याआधी पत्रं काढून घ्यावीत, असं मी मनात धरलं होतं. पण पोरींनी शुक्रवारीच माळा उपसला आणि मी नेमकी डॉक्टरकडे गेले होते.

परत आले तो दोन बादल्या भरलेल्या. बाकीची कव्हरं जमिनीवर चुरगळून पडली होती. भूगोलाचं तेवढं टेबलावर, नीट घडी घालून ठेवलेलं. पत्रं चष्मेवालीने न बघता फाडली असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मुंगी जाळी हलवत राहिली.

गेल्या रविवारी मजकूर लिहायला बसलो. तुझ्या नावाशी आले आणि माझा हात अडला. मी म्हटलं, 'हल्ली नुसतंच नाव लिहितात. आधी काही नको.'

मुंगीने माझ्या हातातून पेन घेतलं. 'कै. राहिलं, आत्या,' म्हणाली आणि तिने ते स्वतः लिहिलं. मग दुसऱ्या पत्रिकेवर, तिसऱ्या, सगळ्या. बाकीचा मजकूर माझ्या हातचा आणि तेवढं एक अक्षर तिच्या. चष्मेवालीला वाटलं, मुलीने वडिलांसाठी प्रेमाने लिहिलं. तिचे डोळे भरून आले. तुझे मेहुणे प्रत्येक पत्रिकेवर त्याच जागी पेन्सिल टेकवून थांबत होते. त्यांना सगळं माहीत आहे. शेवटी एवढंच म्हणाले, 'शुद्धलेखन बरोबर आहे.' आणि उठून आत गेले.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, 'वाचलीस?'

'दोन वाचली. बाकीची नाही वाचली.'

'मग काय केलंस?'

'फाडली. कागदच करायचा होता ना?'

मी रडायला लागले. म्हटलं, त्यांनी येऊ का विचारलंय, तू म्हणशील तसं करू. ती माझ्याशेजारी बसली, पण हात धरला नाही. म्हणाली, 'सात वर्षांची असताना मी त्यांच्यासाठी रडले, आत्या. ते रडणं खोटं होतं का? नाही ना? मग राहू दे. मला परत पायरीवर बसायचं नाही.'

हे मला लागलं त्याहून एक लहान गोष्ट जास्त लागली. एकवीस वर्षं ती मला 'आतू' म्हणायची. त्या शुक्रवारपासून 'आत्या' म्हणते. कामाला काम, शब्दाला शब्द. औषध वेळेवर देते. लग्न होऊन जाईल, मग ती पत्र लिहील, ख्यालीखुशाली विचारील, आणि मला कळेल की ती आता येणार नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की येऊ नकोस. तू रस्त्यापलीकडे उभा राहिलास तर ती तुला ओळखेल आणि पुढे निघून जाईल. ते तुला सोसवणार नाही. मला तर नाहीच. यात कुणाची चूक किती, हे ठरवून आता काही परत यायचं नाही.

एक पत्रिका सोबत पाठवतेय. मुंगीला न विचारता उचलली. कागद जरा निळसर दिसेल. वह्यांमध्ये ती पेन्सिलनेच लिहायची. शाई तुझी आहे.

पाकिटावर तुझ्या नावाआधी मी 'श्री.' लिहिलाय. टपालवाल्याला तेवढा पुरे. आतली पत्रिका उघडशील तेव्हा तिचं अक्षर बघून घे. छान वळणदार आहे. तुला लिहिलेलं तिचं तेवढंच.

तुझी बहीण,
जिने तुला आधी मारलं ती