तबल्याचे संस्कार

४ मार्च २००१, रविवार

रोजनिशीची क्षमा मागतो. अकरा आठवडे एक ओळ नाही. कारण आळस नव्हे, मी दुसरीकडे लिहीत होतो. नागोराव रणपिसे यांच्यावरचा माझा लेख आज रविवारच्या पुरवणीत आला. अर्धं पान, फोटोसकट.

लेख बरा झालाय. वारज्याचा मुलगा खडकीच्या एका निवृत्त लष्करी बँडवाल्याकडे ड्रम्स शिकतो, विसाव्या वर्षी मुंबई गाठतो, चर्चगेटच्या हॉटेलात जॅझ वाजवतो. गोवेकर बँडमास्तर पोस्टरवर त्याचं नाव 'निक रॅम्सी' छापतो. मग युरोपचे दौरे, दोन एलपी, अमेरिकन वादकांनी मुद्दाम मागून घेतलेली साथ. नव्वदच्या सुमारास हॉटेलांत कीबोर्ड आला. ड्रम त्यातच. निक रॅम्सी पुन्हा नागोराव झाले आणि वारज्याला परतले. आता आमच्यासारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या अॅन्युअल डेला वाजवतात. ओळख तिथलीच.

एकच वाक्य टोचतंय. 'घरातच तबल्याचे संस्कार झाले.'

घरात तबला नव्हता. वडील गावात हलगी वाजवायचे. लग्नात, मिरवणुकीत, मयताला, बोलावणं येईल तिथे. नागोरावांनी हे स्वच्छ सांगितलं होतं, टेपवर आहे. तबला मी लिहिला. निव्वळ नाजूकपणा म्हणून. कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये.

कल्याणीने वाचून विचारलं, कुणाला?

बायकोला बारकावे समजावत बसलो नाही.

५ मार्च

शनिवार पेठेतून रामदासमामांचा फोन. म्हणाले, लेख वाचला, आता उलगडा झाला. एवढं त्या माणसाला येतं कुठून, हा प्रश्नच होता. शेवटी संस्कार लागतात हो.

मी 'हो' म्हणालो. 

संकल्प: या आठवड्यात नागोरावांना फोन करून माफी मागणे.

१० मार्च, शनिवार

फोन केला नाही. ऑफिसात रिलीज होतं. शिवाय माफी फोनवर मागणं बरं दिसत नाही. समक्ष जाणं जास्त प्रामाणिक. म्हणजे न करण्यात प्रामाणिकपणाच होता.

हे वाक्य पुन्हा वाचलं. तितकंसं पटलं नाही.

१८ मार्च, रविवार

वारज्याला गेलो. नागोरावांनी चहा दिला, लेखाचं कात्रण पुढ्यात ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, अभयराव, आमचा तबला कुठल्या घराण्याचा? कुणी विचारलं तर सांगता यायला हवं.

मी नाजूकपणाबद्दल बोलू लागलो. ते म्हणाले, नाजूकपणा तुमचा, वडील माझे.

मग नीट सांगितलं. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी वडिलांनी हलगी खाली ठेवली, परत उचलली नाही. पोरगा ड्रमवर बसला तेव्हा दोन वर्षं बोलले नाहीत. मी सोडलं ते तू धरलंस, एवढंच म्हणायचे. अडुसष्ट साली मात्र एकदा मुंबईला आले. दुपारची वेळ, हॉल रिकामा. ड्रम्सना हात लावला नाही. स्टुलावर हात ठेवून विचारलं, बसून वाजवतोस? हो म्हटल्यावर म्हणाले, मग हे येगळं हाय.

हलगीवाल्याला कुणी बसायला सांगत नसे, नागोराव म्हणाले.

२२ एप्रिलला त्यांची एकसष्टी आहे. मुलगा प्रज्ञेश सगळं बघतोय. स्मरणिकेत माझाच लेख पुन्हा छापायचा आहे. नागोरावांचं एकच मागणं: तेवढी ओळ बदला. वडील हलगी वाजवायचे आणि त्यांनी ती सोडली. 'सोडली' जरूर लिहा. ते आता नाहीत, त्यांच्याबद्दल छापून येणारं हे पहिलं आणि शेवटचं.

शब्द दिला. बाहेर पडताना फार हलकं वाटलं. इतकं, की जणू दुरुस्ती झालीच.

२५ मार्च

प्रज्ञेशने स्मरणिकेची सगळी फाईल फ्लॉपीवर दिली. म्हणाला, सर, तुम्ही कंपनीत डॉक्युमेंटेशन हेड, प्रुफं तुम्हीच बघा, माझ्याच्यानं नाही होत. मान देतो मुलगा. एकसष्टीचे अध्यक्ष तबल्याचे ज्येष्ठ गुरू पंडित बाबुराव. त्यांच्यावरही स्मरणिकेत आठ पानं आहेत. सत्कार नागोरावांचा, त्यांना चार.

१ एप्रिल

वाक्यावर काम. मसुदा एक: 'पारंपरिक तालवाद्याचा वारसा'. मसुदा दोन: 'लोकवाद्याची पार्श्वभूमी'. मसुदा तीनमध्ये 'चर्मवाद्य' आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

कल्याणी मागून वाचत होती. म्हणाली, हलगीत तीन अक्षरं, तबल्यात तीन अक्षरं. एक काढ, एक घाल. ओळसुद्धा हलणार नाही.

तिला लेखनप्रक्रिया समजत नाही. 'सोडली' कुठे बसवायचं, हा खरा पेच आहे.

९ एप्रिल, सोमवार

फाईल उद्या छापखान्यात. संध्याकाळी सहाला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडली. लिहायला संकोच वाटतो, पण ते वाक्य पुन्हा डोळ्यांनी वाचवेना. म्हणून काम यंत्रावर सोपवलं. शोधा: तबला. बदला: हलगी. रिप्लेस ऑल.

सत्तावीस ठिकाणी बदल झाल्याचं यंत्राने कळवलं. माझी चूक इतरांनीही उचललेली दिसते. एका पापाला सत्तावीस दुरुस्त्या, प्रायश्चित्त म्हणून प्रमाण योग्य वाटलं. 'सोडली' प्रुफात घालू.

पाच आठवड्यांत पहिल्यांदा निर्मळ वाटतंय. घरी जाताना कल्याणीला मोगरा नेला.

१३ एप्रिल

प्रुफं निघणार नाहीत. प्रज्ञेश म्हणाला, वेळ नाही सर, डायरेक्ट छापतोय. तुम्ही चेक केलंय ना? केलंय म्हणालो.

२२ एप्रिल, रविवार

एकसष्टी. कर्वेनगरचा हॉल गच्च. नागोरावांनी पंचवीस मिनिटं वाजवलं. काठ्या न घेता, नुसत्या तारांच्या ब्रशवर. आमच्या ऑफिसची मुलंसुद्धा गप्पा थांबवून ऐकत होती.

मग अध्यक्षीय भाषण. पंडित बाबुराव माईकसमोर आले, स्मरणिका उघडली आणि वाचू लागले. 'ज्येष्ठ हलगीवादक पंडित बाबुराव. वयाच्या सातव्या वर्षापासून हलगी हेच त्यांचे जीवन.' थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, पन्नास वर्षं घासली, आज पदवी मिळाली. संपादकांचा आभारी आहे.

हॉल हसला. ते हसले नाहीत. प्रज्ञेश माझ्याकडे बघत होता. मी स्मरणिकेकडे.

पान चार. 'घरातच तबल्याचे संस्कार झाले.'

जसंच्या तसं. 'तबल्याचे' या शब्दात 'तबला' नाही. विभक्ती लागली की 'तबल्या' होतो. सामान्यरूप. यंत्राला 'तबला' सापडला तिथे तिथे त्याने बदलला. जो एक बदलायचा होता, त्याला प्रत्यय लागलेला होता. बी.ए.ला मराठी होतं मला. प्रथम वर्ग.

नागोरावांनी पान चार वाचलं असावं. त्यांनी स्मरणिका मिटली आणि लोकांचे नमस्कार घेत राहिले.

२३ एप्रिल

सकाळी पंडितजींच्या शिष्यांचे चार फोन. एक म्हणाला, अहो, कुणाला काय म्हणताय याचं भान ठेवा. म्हणजे नेमकं काय, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कॉम्प्युटरची चूक आहे म्हणालो.

लगेच शुद्धिपत्राचा मजकूर केला. 'पान ११ ते १८: हलगी, हलगीवादक यांऐवजी तबला, तबलावादक असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' एका फटक्यात जमलं. दुपारपर्यंत छापूनही झालं.

कल्याणीने किती वेळ लागला ते विचारलं. दहा मिनिटं. ती कॅलेंडरकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल, रविवार

उरलेल्या दोनशे प्रतींत चिठ्ठ्या चिकटवायला वारज्याला गेलो. नागोराव समोर बसून डिंक लावून देत होते, मी चिकटवत होतो. पन्नासेक झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी सावकाश वाचली. म्हणाले, पंडितजींना हलगी एक आठवडासुद्धा सोसली नाही. आणि पान चार?

मी म्हणालो, दुसऱ्या आवृत्तीत नक्की.

एकसष्टीच्या स्मरणिकेची दुसरी आवृत्ती, अभयराव? त्यांनी विचारलं. पुढची चिठ्ठी डिंक लावून हातात दिली. उरलेल्या दीडशे मी चिकटवल्या. 

६ मे, रविवार

अखेर केलं. बुधवारी मजकूर लिहिला: 'पान ४: वडील हलगी वाजवत. १९५६ साली धम्म स्वीकारला त्या दिवशी त्यांनी ती सोडली.' शुक्रवारी दोनशे चिठ्ठ्या छापून घेतल्या. आज सकाळी वारज्याला गेलो. रस्त्यात माफीचं भाषण दोनदा म्हणून पाहिलं.

दार प्रज्ञेशने उघडलं. 'सर' म्हणाला नाही. आत टेबलावर प्रती रचलेल्या. नागोरावांनी वरची उघडून दाखवली. पान चारवर 'तबल्याचे' या शब्दावर एक रेघ, वर हलगी, आणि समासात उभं बारीक अक्षर: छप्पन साली सोडली. प्रत्येक प्रतीत. आठवडाभर रोज सकाळी बसून केलं म्हणाले. रागावलेले नव्हते. हात जरा दुखतोय, एवढंच बोलले.

मी चिठ्ठ्या खिशातून काढल्या नाहीत. भाषणही केलं नाही.

निघताना त्यांनी एक प्रत दिली. ही कोरी ठेवलीय, म्हणाले. तुमची तुम्ही करा.

आता ती समोर आहे. पान चार उघडून बसलोय. हातातलं पेन निळं आहे. छापील मजकुरावर निळी दुरुस्ती बरी दिसणार नाही.

उद्या: काळं पेन आणणे.