लेकीची किडनी चालली, पाणी नाही

बाबा, आज राळेगावला तुमच्या तिथीचं जेवण आहे. दादाचा फोन आला होता, "येऊन जाय बाई." मी गेले नाही. यापुढेही जाणार नाही.

तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा दादाची तपासणीसुद्धा तुम्ही होऊ दिली नाही. "त्याले वावर पाहाचं आहे," म्हणालात. राहिले मी, लग्न होऊन नुकतीच यवतमाळला आलेली. माझी जुळली. नवऱ्यानं एका शब्दानं अडवलं नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, बसवलेली किडनी वर्षानुवर्षं टिकवायची तर गोळ्या ठरल्या वेळेला, पाणी भरपूर, बीपी ताब्यात. गोळ्या चुकत गेल्या की शरीर तिला परकी समजतं आणि तिच्यावर उठतं.

दर महिन्याला तुम्ही रक्त तपासायला यवतमाळला यायचात. सकाळची गोळी रक्त देईपर्यंत थांबवायची आणि दिल्याबरोबर घ्यायची. तुम्ही दवाखान्यातून माझ्याकडे येता, खुर्चीत टेकता. मी गोळी आणि गिलास पुढे करते. तुम्ही गिलास मागे सारता.

"तुले अजून लेकरू नाही, बाई. लेकरू होईस्तोवर बापाले लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, तुह्या घरचं कसं पिऊ? घेतो ना मी स्टँडवर."

वा रे वा! लेकीची किडनी पोटात चालते, लेकीचं पाणी घशाखाली उतरत नाही! मी भांडले, रडले, दुकानातून बाटली आणली. "थे बी तुह्याच घरची झाली," म्हणालात. स्टँडवर राळेगावची बस लागलेली असायची, गोळी खिशातच राहायची. मग गावीही तेच सुरू झालं. "मले काय धाड भरली? ठणठणीत आहो मी."

रिपोर्ट बिघडला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही पंख्याकडे. तिला परकी समजायला तुमच्या शरीराला शिकवावं लागलं नाही, बाबा. मला तुम्ही आधीपासून तेच समजत होतात.

आता मला लेक आहे. आता माझ्या घरचं पाणी चालेल तुम्हाला. या ना! थेंब देणार नाही.

हे पत्र दादाला दाखवणार नाही, कोणालाच नाही. एक तेवढं तुम्हाला सांगते. शेवटी तुम्ही आयसीयूत होतात, मी बाहेर हात जोडून बसले होते. बाया म्हणत होत्या, "बापासाठी किती जीव तुटून राह्यला पोरीचा." तुमच्यासाठी नव्हते मागत मी. माझ्या किडनीसाठी मागत होते.