जाताना पाच तास, येताना पंधरा

अप्पा, तुमचा कुणावरच विश्वास नव्हता. अख्खी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली, त्यामुळे उशिरा आलेला प्रत्येक ड्रायव्हर तुमच्या लेखी खोटारडा. टायर पंक्चर झाला म्हणाला की तुम्ही आधी टायर बघून यायचात. घरातही तेच. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की वाटेत कोण भेटलं, याची चौकशी. तो स्वभाव माझ्यातही उतरलाय. दूधवाल्याचं माप मी अजून दोनदा बघते.

बहात्तरच्या दुष्काळातली थंडी. मी अकरावीत. तिसगावच्या आपल्या ओसरीवर लंडनला नोकरी करणारा मुलगा आणि त्याचा मामा मला बघायला आलेत, मी पोह्यांच्या बशा ठेवून दाराशी उभी आहे. तुम्ही पगार विचारत नाही, जमीन विचारत नाही. विचारता, "इमान किती वाजता सुटतं, किती वाजता पोचतं?" मुलगा सरळ सांगतो. साडेचार हजार मैल अंतर. मुंबईहून सकाळी सहाला निघालो, अकराला लंडनला उतरलो. येताना तिथून सकाळी अकराला निघालो, मुंबईत रात्रीचे दोन वाजले.

पाहुणे गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "पोरगं खोटं बोलतंय. जाताना पाच तास, येताना पंधरा. मधले दहा तास कुठं हुता त्यो?"

"अवो, वारा आडवा आला आसल."

"आपल्या गाडीला माळशेज घाट आडवा येतो, तरी अर्ध्या तासाच्या वर फरक पडत न्हाई. वाटंत दुसरा संसार हाय त्याचा."

नकार गेला. तुमच्या कंडक्टरांनी ती गोष्ट पाथर्डीपासून शेवगावपर्यंत नेली, आणि आपल्या भागात त्या मुलाला कुणी मुलगी दिली नाही, असं नंतर कानावर आलं.

पुढे मी शिकले, सावेडीच्या शाळेत शिकवू लागले, लग्नही नगरातच झालं. माझा मुलगा लंडनला निघाला तेव्हा त्यानं तुम्हाला तिकीट दाखवलं आणि सहज सांगितलं की तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तुम्ही बोटांवर हिशेब केलात, पुन्हा केलात. त्या दिवशी जेवला नाहीत. "त्या पोराला मी उगाच चोर ठरवलं," म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "तुला तवा ठावं न्हवतं व्हय गं?" मी नाही म्हटलं. तुम्ही तेच पुन्हा एकदा विचारलंत. पटलं नसावं, असा मला आजही संशय आहे.

अप्पा, रेखांश आणि स्थानिक वेळ आम्हाला सहामाहीआधीच शिकवून झाली होती. दाराशी उभ्या उभ्याच मी गणित केलं होतं. जाताना साडेदहा तास, येताना साडेनऊ. मुलगा खरं बोलत होता, आणि वही दाखवली असती तर तुम्ही मानलंही असतं. पण मला इतक्या लांब जायचं नव्हतं, तसं बोलायची हिंमत नव्हती, आणि तुमचा संशय आयताच मिळाला. त्याची बदनामी झाली ती माझ्यामुळे. तुम्ही मात्र तो दोष स्वतःच्या माथी घेऊन गेलात, आणि मी जाऊ दिलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पोचणार असतं तर मी लिहिलंच नसतं.