'आयेची पाटी' या प्रोग्रामची नोंद करून घेण्याबाबत

प्रति,
मा. संगणक अधिकारी,
अक्षरवाट प्रौढ साक्षरता केंद्रे,
विभागीय कार्यालय, वसई.

अर्जदार: रंभा नथू भोईर, वय ७१, रा. कामण, ता. वसई, जि. पालघर.

विषय: कामण केंद्राच्या संगणकावर हाताने बसवलेला प्रोग्राम पॅकेज मॅनेजरच्या नोंदीत घेऊन जपण्याबाबत.

संदर्भ: माझ्या तोंडी तक्रारीला आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर.

महोदय,

मी साठी उलटल्यावर अक्षरे शिकले. अर्ज माझ्या हाताने लिहिला आहे, चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

१. माझी मुलगी तेजस्वी संगणकाचे काम करी. मला शिकवायला तिने हा प्रोग्राम लिहिला आणि वर्गातल्या सगळ्या बायकांसाठी केंद्रात स्वतः बसवला. अक्षरावर बोट ठेवले की तिचा आवाज येई, "प पान्याचा. आये, आता तू बोल." गेल्या पावसाळ्यात ती तापाने गेली. तिचा लॅपटॉप कंपनीचा होता, तो कंपनीने नेला. आवाज राहिला तो केंद्रातच.

२. मार्चमध्ये केंद्रात नवे प्रोग्राम आले. संगणक दुरुस्त करणारे शत्रुघ्न यांनी मला समजावले, की पॅकेज मॅनेजर हा संगणकाचा कारभारी. स्वतः आणलेल्या प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, फायली, सांभाळणारा कोण, हे सगळे तो टिपून ठेवतो. बाहेरून हाताने ठेवलेले त्याला ठाऊकच नसते. त्याला जागा मोकळी वाटली. त्याने नव्या फायली तेजस्वीच्या फायलींवर ठेवल्या. अ पासून न पर्यंत गेले. तिथे आता कोणी परकी बाई "क कमळाचा" म्हणते. प पासून पुढे अजून तेजस्वी आहे.

३. लग्नघरात शेजारची भांडी येतात. त्यांवर नाव घातलेले असते म्हणून ज्याची त्याला परत जातात. नाव का नाही घातलेस, असे मी तिला विचारले होते. म्हणाली, "आये, वर्गाला दिला ना, मंग नाव कशाला?" तेव्हा मला तिचे बोलणे फार आवडले होते.

४. आपल्या कार्यालयाचे उत्तर असे, की नोंदीत असा प्रोग्रामच नाही, म्हणून तो बिघडल्याची तक्रार घेता येत नाही. पुढच्या सफाईत नोंद नसलेल्या फायली काढणार, असेही कळले. जो प्रोग्राम नाही, तो काढणार कसा, हे मला कळत नाही. मी तो रोज ऐकते.

५. उरलेल्या फायलींचे माहितीसह पॅकेज बांधून द्यायला शत्रुघ्न तयार आहेत. त्याला, आणि नुसती प्रत काढायलाही, आपली परवानगी लागते. माहिती अशी घालावी. नाव, आयेची पाटी. बनवणारी, तेजस्वी नथू भोईर. सांभाळणाऱ्याच्या जागी जिवंत माणूस लागतो म्हणतात, तिथे माझे नाव घालावे. आवृत्ती, पहिली.

कारभारी प्रत्येक प्रोग्रामची नवी आवृत्ती शोधत असतो. एवढ्या एकासाठी त्याला शोधू नको म्हणून सांगावे. नवी येणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली, नम्र
रंभा नथू भोईर

कामण, दि. १२ एप्रिल २०२५

सोबत: कोरा पेन ड्राइव्ह. परवानगी देता येत नसेल तर सफाईआधी प पासूनचे तरी यात घालून द्यावे.