सात नंबरच्या ओळीची सुनावणी

रविवार, ११ जानेवारी

खाल्लं! चक्क भाजून खाल्लं!

हुरड्याच्या नव्या वाणासाठी तीन वर्षं जपलेली माझी ज्वारी. तिची सात नंबरची अख्खी ओळ आमच्याच कृषी महाविद्यालयातल्या चार पोरांनी आज दुपारी आगटी पेटवून फस्त केली. वॉचमनला धूर दिसला म्हणून कळलं तरी. जाऊन बघतो तर राख, चोळलेली कणसं आणि लसणाच्या चटणीचा वास! चटणीसुद्धा घेऊन आले होते म्हणजे काय!

तक्रार लिहिली. तीन पानं. बायको म्हणाली, "लग्न ठरल्यावर मला एवढं मोठं पत्र नाही लिहिलंत कधी."

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. त्या चौघांतली राजेश्वरी केबिनमध्ये तिळगूळ घेऊन आली. मी गोड बोललो नाही. तिळगूळ मात्र खाल्ला.

शुक्रवार, १६ जानेवारी

शिस्त समितीची सुनावणी. प्राचार्य, रेक्टर बाई आणि तक्रारदार म्हणून मी. समोर चौघं खाली मान घालून.

प्राचार्यांनी विचारलं, एवढं शिवार पडलंय, मग प्रयोगाचीच ज्वारी का तोडली? चौघांतला बजरंग नुसता बुटाकडे बघत होता. मग राजेश्वरी बोलली. खर्ड्याकडची पोरगी, चौघांची म्होरकी हीच.

"सर, आदी सगळ्या ओळींचे दोन-दोन दाने चाखले. सातवीच लई गोड हुती. बाकीच्या पिठूळ लागत्यात."

मी पेनच उघडलं! "पाच नंबरचीसुद्धा?"

"व्हय सर. अन् तीनचा दाना कनसातून सुटतच न्हाई."

सातवीवर माझाही जीव. पण आजवर मी एकटाच तसं म्हणत होतो. इतका आनंद झाला की भर सुनावणीत हसू फुटलं. प्राचार्य खेकसले, "सर, तुम्ही तक्रारदार आहात!"

निकाल सोमवारी. पण ठरल्यासारखंच आहे — सत्र रद्द आणि हॉस्टेलमधून लगेच बाहेर. 'कडक शिक्षा व्हावी' हे शब्द तक्रारीत माझेच!

शनिवार, १७ जानेवारी

राजेश्वरी व्हरांड्यात भेटली. सहज विचारलं, हॉस्टेल सुटलं तर कुठं जाशील?

"फडावर, सर. आई-अप्पा कारखान्याला ऊस तोडायला गेल्यात. घराला कुलूप हाय." मग हसून म्हणाली, "कोयता चालवता येतो की मला."

ती हसली. मला काही हसता आलं नाही. एकदा फडावर गेलेली पोर पुन्हा वर्गात येते थोडीच! सातवीचं बियाणं माझ्या कपाटात आहे, पुढच्या हंगामात पुन्हा पेरीन. हिचं शिक्षण कुठून आणू? फार वाईट वाटलं.

बायको म्हणाली, "मग घ्या तक्रार मागं."

म्हटलं, समितीकडे गेलेली तक्रार मागं घेता येत नाही, नियम आहे.

"मग नियमात बसेल असं काहीतरी करा की! एवढे शिकलात कशाला?"

रविवार, १८ जानेवारी

दिवसभर विचार. एक सुचलंय.

सोमवार, १९ जानेवारी

केलं!

प्राचार्यांनी निकालाचा कागद हातात घेतला आणि मी उठून उभा राहिलो. "या मुलांना परवानगी मीच दिली होती. चव बघण्यासाठी. माझ्या लक्षातून गेलं."

धडधडीत खोटं! कान तापले नुसते. रेक्टर बाई पंख्याकडे बघायला लागल्या.

प्राचार्य म्हणाले, "तीन पानं तक्रार लिहिताना लक्षात आलं नाही?"

"नाही आलं."

परवानगी होती म्हटल्यावर गुन्हा कसला? चौघंही सुटले! बजरंगचं तोंड उघडं ते उघडंच. बाहेर आल्यावर राजेश्वरी पाया पडायला वाकली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही, पण मी चष्मा पुसला. म्हटलं, "पाया नको पडू. उरलेल्या सहा ओळींबद्दल काय वाटलं ते नीट लिहून दे."

घरी येताना शीळ घालत होतो म्हणे. शेजारच्यांनी सांगितलं.

बुधवार, २१ जानेवारी

मलाच नोटीस आली! प्रयोगाच्या शेतात जाळ करायला विद्यार्थ्यांना परवानगी दिल्याबद्दल शिस्त समितीपुढे हजर राहायचं, शुक्रवारी.

बायकोनं ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "पालकांना सोबत आणा असं लिहिलं नाहीये. पण मी येते."